विश्लेषण : न बोलणाऱ्या रुग्णाशी बोलायचे कसे? मनोरुग्णालयात २२ वर्षे काढणाऱ्या डॉ. फ्रीडा यांची गोष्ट

एक तरुणी मनोरुग्णालयात दाखल आहे. ती कोणाशीच बोलत नाही. चेहऱ्यावर भीती दिसते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. या अवस्थेला कॅटाटोनिया म्हणतात. त्यात माणसाचे बोलणे आणि हालचाल गोठल्यासारखी होते. तिच्या डॉक्टरांनी तिला तिच्या दुःखाबद्दल एक प्रश्न विचारला. तिने हात वर केला. अंगठा उभा आणि बाकीची चार बोटे तळव्यात मिटलेली.

आपल्याकडे कोणी असा अंगठा दाखवला तर तो ठेंगा समजला जाईल आणि मोबाइलवर त्याचा अर्थ ‘लाइक’ होईल. डॉक्टरांना मात्र मिटलेल्या चार बोटांपासून तुटलेला एकटा अंगठा दिसला. इतकी एकटी आहेस का, असे त्यांनी हळुवारपणे विचारले. तरुणीचा चेहरा सैल झाला, बोटे उघडली. पुढचे एक-दोन आठवडे दोघी बोटांच्या खुणांनीच बोलत राहिल्या. मग हळूहळू ती त्या कोंडीतून बाहेर आली.

या डॉक्टर म्हणजे फ्रीडा फ्रॉम-राइखमान. एकटेपणावरच्या त्यांच्या लेखात हा प्रसंग आहे. तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

समुपदेशन किंवा थेरपी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षेचा ताण, ब्रेकअप, नोकरीतली घुसमट येते. भास होणाऱ्या, हिंसक झालेल्या किंवा महिनोन्महिने गप्प असलेल्या माणसाशी बोलून काय होणार, त्याला औषध द्या आणि झोपवा, हा समज आजही घट्ट आहे. फ्रीडा यांचे सगळे आयुष्य या समजाशी भांडण्यात गेले. त्या भांडणात त्या किती बरोबर ठरल्या आणि किती चुकल्या, हे पाहण्यासारखे आहे.

फ्रीडा कोण होत्या?

जन्म २३ ऑक्टोबर १८८९, जर्मनीतील कार्ल्सरुह. घर सनातनी ज्यू वळणाचे. तीन बहिणींत फ्रीडा थोरल्या. पुढे कुटुंब केनिग्सबर्गला गेले. हे शहर आज कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे. प्रशियाच्या विद्यापीठांनी मुलींना रीतसर प्रवेश देण्यास १९०८ मध्ये सुरुवात केली आणि वैद्यकशास्त्राला गेलेल्या पहिल्या काही मुलींमध्ये फ्रीडा होत्या. उंची जेमतेम पाच फूट.

पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत त्या डॉक्टर झाल्या होत्या. डोक्यात गोळी लागून मेंदूला इजा झालेले सैनिक केनिग्सबर्गला येऊ लागले. त्यांच्यासाठीच्या रुग्णालयाची सूत्रे प्रत्यक्षात फ्रीडा यांच्याकडे होती. कागदोपत्री मात्र त्यांचे नाव येऊ शकत नव्हते, कारण प्रशियाच्या सैन्यात बाईला असे पद देण्याची सोयच नव्हती.

मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांच्यासोबतचे त्यांचे काम याच काळातले. साधे काम जमले नाही की हे सैनिक एकदम सैरभैर होत, घाबरून कोलमडत. गोल्डस्टाइन यांच्या पुढच्या सिद्धान्तात या घबराटीला मोठे स्थान मिळाले. फ्रीडा वेगळी गोष्ट शिकल्या. ज्याला शब्द सापडत नाहीत तो माणूस हातवारे, चेहरा, अंग चोरणे यांतून बरेच काही सांगत असतो.

नवरा एरिक फ्रॉम आणि पावाचा तुकडा

१९२४ मध्ये फ्रीडा यांनी हायडेलबर्गमध्ये स्वतःचे छोटे निवासी उपचार केंद्र सुरू केले. तिथे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, प्रार्थना आणि फ्रॉइडचे मनोविश्लेषण एकत्र नांदत. परिचितांनी ‘तोरा’ हा ज्यूंचा धर्मग्रंथ आणि ‘थेरपी’ हे शब्द एकमेकांत घालून त्याला चेष्टेचे नाव ठेवले होते. फ्रीडा यांचा उत्साह एवढा, की केंद्रातल्या आचाऱ्याचेही मनोविश्लेषण झाले.

इथेच त्यांच्याकडे उपचाराला आलेला एक तरुण म्हणजे एरिक फ्रॉम. ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’ या पुस्तकामुळे पुढे जगभर गाजलेले लेखक तेच. फ्रीडा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या. १९२६ मध्ये दोघांनी लग्न केले. डॉक्टरने रुग्णाशी लग्न करणे आजच्या नियमांत कुठेच बसत नाही आणि ते योग्यच आहे. तेव्हा हे नियम घडायचे होते.

वल्हांडणाच्या सणात ज्यू लोक आंबवलेल्या पिठाचा पाव खात नाहीत. एका सणाला फ्रीडा आणि एरिक बागेत गेले आणि तोच पाव खाल्ला. आकाश कोसळले नाही. दोघांचेही धर्मपालन तिथून सुटले आणि ज्यू रीतीवर उभे असलेले केंद्रही १९२८ मध्ये बंद पडले. लग्नही फार टिकले नाही. काही वर्षांत दोघे वेगळे राहू लागले, पुढे अमेरिकेत रीतसर घटस्फोट झाला. मैत्री मात्र राहिली.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. फ्रीडा सीमा ओलांडून फ्रान्समधील स्ट्रासबर्गला गेल्या, तिथून पॅलेस्टाइन आणि १९३५ मध्ये अमेरिका. वय ४५, भाषा परकी, नोकरी नाही.

दोन महिन्यांची नोकरी

वॉशिंग्टनपासून साधारण २५ किलोमीटरवर रॉकव्हिल नावाचे गाव आहे. तिथे एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत चेस्टनट लॉज हे खासगी मनोरुग्णालय होते. अर्नेस्ट बुलार्ड यांनी ते १९१० मध्ये सुरू केले. त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा डेक्स्टर बुलार्ड ते चालवत होता. उन्हाळ्याच्या सुटीपुरती बदली डॉक्टर म्हणून फ्रीडा यांना दोन महिन्यांसाठी घेतले गेले. त्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २२ वर्षे तिथेच राहिल्या. रुग्णालयाच्या आवारातच त्यांच्यासाठी एक छोटे घर बांधण्यात आले.

डेक्स्टर बुलार्ड यांच्या डोक्यात एक कल्पना होती. तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णांवर मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार करणारे रुग्णालय त्यांना उभारायचे होते. फ्रॉइडचा स्वतःचा याला विरोध होता. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण स्वतःतच इतका गुरफटलेला असतो की तो डॉक्टरशी नातेच जोडू शकत नाही आणि नाते नाही तर उपचार नाही, असे त्याचे मत. फ्रीडा यांनी १९३९ मध्ये एका शोधनिबंधात नेमके उलट मांडले. हा रुग्ण नाते जोडतो, उलट फार तीव्रतेने जोडतो. पूर्वी इतके पोळलेले असते की तो प्रत्येक पाऊल घाबरत टाकतो. डॉक्टरची जरा चूक झाली की मागे सरतो आणि ती चूक विसरत नाही.

तेव्हा इतर रुग्णालयांत काय चालले होते?

यंत्र अडले की बंद करून पुन्हा चालू करायचे, हा इंजिनीअरिंगच्या लॅबमधला पहिला उपाय. १९३० च्या दशकातल्या मनोरुग्णालयांनी मेंदूवर जवळपास हेच केले. इन्सुलिनचा मोठा डोस देऊन रुग्णाला बेशुद्धावस्थेत न्यायचे आणि साखर देऊन परत आणायचे, हा एक उपचार. १९३८ मध्ये रोममध्ये विजेचे झटके देण्याचा उपचार सुरू झाला. (आज तो भूल देऊन, बऱ्याच सुरक्षितपणे दिला जातो आणि तीव्र नैराश्यात उपयोगी पडतो. तेव्हा भूल नसे.)

सर्वांत भयंकर उपाय म्हणजे लोबोटॉमी, मेंदूच्या पुढच्या भागातले दुवेच कापून टाकायचे. ही शस्त्रक्रिया शोधणाऱ्या पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले. अमेरिकेतली पहिली लोबोटॉमी वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स यांनी १९३६ मध्ये केली, तीही वॉशिंग्टनमध्ये. म्हणजे फ्रीडा रॉकव्हिलला रुग्णांशी बोलत होत्या आणि गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा अंतरावर मेंदू कापले जात होते.

चेस्टनट लॉजने लोबोटॉमी, इन्सुलिन आणि झटके हे तिन्ही बाजूला ठेवले. पण तिथे सगळे गोडीगुलाबीने चालत होते, असे नाही. खवळलेल्या रुग्णाला थंड पाण्यात भिजवलेल्या चादरींत घट्ट गुंडाळून ठेवण्याची त्या काळातली पद्धत तिथेही होती. कुलपे होती. शिवाय हे महागडे खासगी रुग्णालय होते. १९५५ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला डॉक्टरची रोजची पाच मिनिटेही येत नसत.

फ्रीडा नेमके काय करत?

आठवड्यातून चार-पाच दिवस, प्रत्येक रुग्णाला साधारण तासभर. मनोविश्लेषणातला तो प्रसिद्ध कोच त्यांनी या रुग्णांसाठी बाद केला. भास होणाऱ्या माणसाला आडवे झोपवायचे आणि त्याच्या डोक्यामागे, नजरेआड बसायचे, यात त्याची भीती वाढण्यापलीकडे काही होत नाही. फ्रीडा समोर बसत. रुग्ण जमिनीवर बसला असेल तर त्याही जमिनीवर बसत. कोणाला चालत बोलायचे असेल तर आवारात फिरत. कोणाला बोलायचेच नसेल, तर तो तास गप्प बसून काढत, पण तास रद्द होत नसे.

यातले बरेचसे साधे शिष्टाचार वाटतात. वेळेवर येणे. दिलेला शब्द पाळणे. चूक झाली तर रुग्णाची माफी मागणे. कळले नाही तर कळले नाही असे सांगणे, उगाच मान न डोलावणे. पण कुलूपबंद वॉर्डात, जिथे कोणी रुग्णाला काही विचारत नाही, तिथे त्यांचे मोल वेगळे होते.

त्यांची दुसरी गोष्ट अधिक अवघड. रुग्णाची बडबड त्या निरर्थक मानत नसत. कोणी म्हणाला की भिंतीतून आवाज येतात, तर त्या वाद घालत नसत आणि हो ला हो सुद्धा करत नसत. मला ते आवाज ऐकू येत नाहीत, पण तुला येतात हे मला पटते, आता ते केव्हा येतात ते शोधू, अशी त्यांची भूमिका असे. लक्षण हा रुग्णाने भीतीपासून वाचण्यासाठी उभा केलेला आडोसा आहे आणि तो हिसकावून घ्यायचा नसतो, असे त्यांना वाटे. रुग्णाला स्वतःहून त्याची गरज उरू नये, इथपर्यंत न्यायचे.

तिसरी गोष्ट डॉक्टरबद्दलची. रुग्णाच्या रागाची आणि वासनेची डॉक्टरलाच भीती वाटत असेल, तर रुग्णाला ती लगेच कळते आणि दार बंद होते. म्हणून रुग्ण पुढे सरकत नसेल तर आधी डॉक्टरने स्वतःला तपासावे, हा त्यांचा आग्रह. १९५० मध्ये आलेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इंटेन्सिव्ह सायकोथेरपी’ या त्यांच्या पुस्तकाचा मोठा भाग डॉक्टरने ऐकायचे कसे, यावरच आहे.

एक तास डॉक्टरचा, बाकीचे तेवीस कोणाचे?

क्लिनिकमध्ये येणारा माणूस स्वतःच्या पायाने येतो आणि तासाभराने घरी जातो. वॉर्डातला रुग्ण बऱ्याचदा स्वतःच्या मर्जीने आलेला नसतो. त्याला बाहेर सोडायचे की नाही, आंघोळ एकट्याने करू द्यायची की नाही, चमचा द्यायचा की काटा, हे दुसरे कोणीतरी ठरवते. मग ज्या डॉक्टरला मनातले सांगायचे तोच डॉक्टर सुटीच्या कागदावर सही करणार असेल, तर रुग्ण खरे बोलेल का?

चेस्टनट लॉजने यावर व्यवहारी तोडगा काढला. प्रत्येक रुग्णाला दोन डॉक्टर. एक थेरपी करणारा, दुसरा वॉर्डाचा कारभार, सवलती आणि नियम पाहणारा. थेरपी करणाऱ्याच्या हातात किल्ली नाही, त्यामुळे त्याची मनधरणी करून काही पदरात पडणार नाही आणि त्याच्यापासून लपवण्याचेही कारण उरत नाही.

उरलेल्या तासांवरचा विचार फ्रीडा यांचे मित्र हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी आधीच सुरू केला होता. बाल्टिमोरजवळच्या शेपर्ड प्रॅट रुग्णालयात १९२९ च्या सुमारास त्यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणांसाठी सहा खाटांचा छोटा वॉर्ड चालवला. वॉर्डात काम करणारे सेवक त्यांनी स्वतः पारखून निवडले. रुग्णाबरोबर दिवसरात्र असतो तो सेवक, तेव्हा उपचारात त्याचाही वाटा असतो, हा त्यामागचा विचार. १९४० च्या दशकात सलिव्हन यांनी चेस्टनट लॉजमध्येही व्याख्याने दिली.

मग चेस्टनट लॉजच्याच एका वॉर्डाचा अभ्यास झाला. मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड स्टॅन्टन आणि समाजशास्त्रज्ञ मॉरिस श्वार्ट्झ यांनी सर्वाधिक अस्वस्थ स्त्री-रुग्णांच्या वॉर्डावर दीर्घकाळ नजर ठेवली. कोण कोणाशी काय बोलते, बैठकीत काय होते, कोण रुसते, सगळे टिपले. १९५४ मध्ये ‘द मेंटल हॉस्पिटल’ हे त्यांचे पुस्तक आले. त्यातला एक निष्कर्ष आजही शिकवला जातो. एखादी रुग्ण अचानक बेफाम का होते, याचे कारण पुष्कळदा तिच्या आजारात नसून वरच्या दोघांच्या न बोललेल्या भांडणात असते. तिच्याबद्दल दोन डॉक्टरांचे किंवा डॉक्टर आणि नर्सचे मतभेद असतात, पण ते उघड बोलत नाहीत. रुग्णाला मात्र ताण जाणवतो. त्या दोघांना समोरासमोर बसवून मतभेद बोलायला लावले की रुग्ण बऱ्याचदा शांत होते.

ज्या घरात आईबाबा मुलांसमोर भांडत नाहीत, पण एकमेकांशी बोलतही नाहीत, अशा घरात वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सोळा वर्षांची मुलगी

१९४८ मध्ये सोळा वर्षांची जोआन ग्रीनबर्ग चेस्टनट लॉजमध्ये दाखल झाली. निदान स्किझोफ्रेनियाचे. उपचार फ्रीडा यांच्याकडे. सुमारे तीन वर्षे ती रुग्णालयात होती. बाहेर पडल्यावर ती कॉलेजात गेली, पदवी घेतली, लग्न केले, मुले झाली आणि ती लेखिका झाली.

१९६४ मध्ये तिने हॅना ग्रीन या टोपणनावाने ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ ही कादंबरी लिहिली. नायिका डेबोरा हिने मनात एक अख्खे राज्य उभे केले आहे, त्याचे देव आहेत, त्याची भाषा आहे. सुरुवातीला आसरा देणारे ते राज्य नंतर तिलाच छळू लागते. तिला तिथून बाहेर काढणाऱ्या डॉक्टर फ्रीड म्हणजे फ्रीडा यांचेच रूप. बरे झालीस की सगळे छान होईल, असे खोटे आश्वासन ही डॉक्टर देत नाही. जग अन्यायी आहेच, पण त्यात लढायची निवड तुझी तुला करता येईल, एवढेच सांगते. पुस्तकाचे नाव त्यावरूनच आले. कादंबरी प्रचंड खपली आणि १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. आज फ्रीडा यांचे नाव ज्यांना माहीत आहे, त्यांतल्या अनेकांना ते या पुस्तकामुळे माहीत आहे.

पुढे काही मानसोपचारतज्ज्ञांनी शंका घेतली. १९८० नंतरचे कडक निकष लावले तर हा स्किझोफ्रेनिया ठरत नाही, गंभीर पण वेगळा आजार असावा, असे त्यांचे म्हणणे. ही शंका रास्त आहे. पण रुग्णालयात दाखल झालेली ती मुलगी गंभीर आजारी होती आणि बोलण्याच्या उपचाराने उभी राहिली, हे त्याने बदलत नाही. मात्र एकीच्या बरे होण्यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही.

आईला आरोपी केले, तो प्रसंग

फ्रीडा यांच्या कामातला सर्वांत मोठा डाग १९४८ चा आहे. त्या वर्षीच्या एका लेखात त्यांनी मुलाला स्किझोफ्रेनियाकडे ढकलणाऱ्या आईसाठी एक खास शब्द वापरला. थंड, वर्चस्व गाजवणारी, मुलाला झिडकारणारी आई. लेखातला तो ओझरता उल्लेख होता. पण मानसोपचारात तो शब्द वणव्यासारखा पसरला.

पुढची दोन-तीन दशके मुलगा किंवा मुलगी आजारी पडलेल्या आईला दवाखान्यात पाऊल ठेवताच संशयाने पाहिले जाई. पोर आजारी, त्यात दोषही आपलाच. आपल्याकडे मुलाचे काहीही बिनसले की आईने लाडावून ठेवले किंवा आईचे लक्ष नव्हते, हे ऐकायला लागतेच. त्याला इथे शास्त्राचा शिक्का मिळाला.

हा सिद्धान्त संशोधनापुढे टिकला नाही. १९६६ मध्ये लिओनार्ड हेस्टन यांनी अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुले त्यांनी शोधली. ही मुले जन्मताच आईपासून दूर गेली होती आणि दुसरीकडे वाढली होती. त्यांतल्या पाच जणांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया झाला. तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण आईला आजार नसलेल्या ५० जणांत एकालाही झाला नाही. ज्या आईने वाढवलेच नाही, तिच्या वागण्याने आजार कसा होईल? आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट झाला. १९७९ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या कुटुंबीयांनी ‘नॅमी’ ही संघटना उभी केली, तिच्यामागे या आरोपाचा रागही होता.

आजारी माणसाचे ऐकून घेण्यासाठी एवढा जीव टाकणाऱ्या बाईने त्याच्या आईचे ऐकून घेतले नाही, असे आज वाचताना वाटत राहते.

गोळी आली

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोरुग्णांवर वापर सुरू झाला. १९५४ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले. ज्यांचे भास वर्षानुवर्षे थांबत नव्हते असे रुग्ण काही आठवड्यांत शांत होऊ लागले. दुष्परिणाम होते, पण फरक डोळ्यांना दिसत होता.

फ्रीडा यांची शेवटची वर्षे याच काळातली. १९५५-५६ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात वर्षभर होत्या. डॉक्टरला रुग्णाचे न बोललेले कसे कळते, हा तिथे त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्याच सुमारास त्यांना ऐकू येणे कमी होत चालले होते. बहिरेपण त्यांच्या घराण्यातच होते. जिचे सगळे काम कानांवर चालते तिच्यासाठी हे काय असेल, याची कल्पना करता येते. एकटेपणावरचा तो लेख त्यांनी याच काळात लिहायला घेतला होता. २८ एप्रिल १९५७ रोजी आवारातल्या त्याच घरात त्यांचा मृत्यू झाला. वय ६७.

आकडे काय म्हणाले?

१९६८ मध्ये फिलिप मे यांचा अभ्यास आला. कॅलिफोर्नियातील कॅमारिलो सरकारी रुग्णालयात पहिल्यांदाच दाखल झालेल्या स्किझोफ्रेनियाच्या २२८ रुग्णांचे पाच गट केले होते. एकाला फक्त औषध, एकाला फक्त थेरपी, एकाला दोन्ही, एकाला झटके, एकाला वॉर्डातली नेहमीची देखभाल. औषध मिळालेले गट स्पष्टपणे पुढे होते. नुसती थेरपी मिळालेल्यांची स्थिती नेहमीच्या देखभालीपेक्षा फारशी वेगळी नव्हती.

चेस्टनट लॉजने स्वतःचाही हिशेब तपासला, हे मात्र मान्य करायला हवे. तिथल्याच थॉमस मॅकग्लॅशन यांनी १९५० ते १९७५ दरम्यान घरी गेलेल्या रुग्णांना सरासरी १५ वर्षांनी शोधून काढले. एकूण ४४६ जण सापडले. १९८४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण कसेबसे जगत होते किंवा त्याहून वाईट स्थितीत होते. यात आधीच दुसरीकडे उपचार फसलेले, जुनाट आजाराचे रुग्ण जास्त होते, हे लक्षात घेतले तरी आकडा निराश करणारा होता.

फ्रीडा यांच्यानंतर चेस्टनट लॉज अडून बसले, ते वेगळेच. १९७९ मध्ये तीव्र नैराश्यात असलेले एक डॉक्टर तिथे रुग्ण म्हणून दाखल झाले. सात महिने थेरपी झाली, औषध दिले नाही, प्रकृती ढासळत गेली. घरच्यांनी त्यांना दुसऱ्या रुग्णालयात हलवले, तिथे औषधे सुरू झाली आणि तीन महिन्यांत ते घरी गेले. त्यांनी चेस्टनट लॉजवर दावा लावला. १९८७ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला, पण परिणामकारक औषध उपलब्ध असताना ते न देणे हा निष्काळजीपणा आहे का, हा प्रश्न अमेरिकाभर गाजला. २००१ मध्ये रुग्णालय बंद झाले. २००९ मध्ये मुख्य इमारत आगीत जळाली. फ्रीडा यांचे घर वाचले आणि पुढे ते जतन करण्यात आले.

मग वॉर्डात थेरपीचे आज काय स्थान आहे?

मे यांचा अभ्यास पाहून अनेक रुग्णालयांनी वॉर्डातले बोलणेच सोडून दिले. औषधाची फेरी, तपासणी, सुटी. पण गोळीने आवाज कमी झाले तरी पूर्ण थांबत नाहीत असे रुग्ण खूप असतात आणि भास ओसरल्यावर उरलेल्या भीतीचे, लाजेचे काय करायचे हे गोळी सांगत नाही. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी ही थेरपी भास आणि संशय असलेल्या रुग्णांसाठी वापरली जाऊ लागली. तिचा परिणाम माफक आहे, चमत्कार नाही. तरी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले की स्किझोफ्रेनियाच्या प्रत्येक रुग्णाला औषधाबरोबर ही थेरपी देऊ करावी, किमान १६ ठरवलेल्या बैठका व्हाव्यात आणि आजार जोरात असताना, रुग्णालयात दाखल असतानाही ती सुरू करता येते.

हे मनोविश्लेषण नाही. आईच्या वागण्यात कारण शोधणे नाही, वर्षानुवर्षे चालणे नाही, औषधाला विरोध तर नाहीच. फ्रीडा यांच्या बऱ्याचशा सिद्धान्ताला त्यात जागा नाही. पण या थेरपिस्टला पहिल्या बैठकीत जे शिकवले जाते ते त्यांना ओळखीचे वाटले असते. आवाज येतात असे सांगणाऱ्याशी वाद घालू नका, होकारही भरू नका, तो आवाज काय म्हणतो आणि त्याची भीती किती वाटते ते विचारा.

*(मानसिक आरोग्याविषयी मदत हवी असल्यास केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास संपर्क साधता येतो. मराठीतही बोलता येते. सुरू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.)*